पाटीपुरतं स्टेडियम

शेजारीण पहिल्यांदा म्हणाली, "शनिवारी स्टेडियमवर येतोस का?" तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो होतो. आम्हाला ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत, सोन्याच्या खाणींच्या गावात, येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. बायको इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मी पर्थच्या एका कंपनीचं काम घरी बसून करणारा. ती सकाळी गेली की दिवसभर सोबतीला लॅपटॉपमधली माणसं आणि खिडकीबाहेरचे कावळे. इथले कावळे हट्टी पोरासारखं लांब सूर लावून रडतात. त्यामुळे कोणी कुठेही बोलावलं असतं तरी मी गेलोच असतो.

स्टेडियम म्हणजे लाल मातीचं एक मैदान निघालं. एका कोपऱ्यात उंच जाळी, जाळीमागे पत्र्याच्या छपराखाली चार लाकडी पायऱ्या आणि बाजूला सॉसेज भाजायची शेगडी. पलीकडे खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर. छपराच्या पुढच्या बाजूला मात्र हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं: स्टेडियम. कुठलं, कोणाचं, काही नाही. नुसतंच स्टेडियम. मी पुण्याचा, पाटीवर लिहिलेलं गंभीरपणे घ्यायची सवय. मी उगाच आजूबाजूला खरं स्टेडियम शोधत राहिलो.

शेजारीण या बेसबॉल क्लबची प्रेसिडेंट होती. जन्मभर खाणीतले दुमजली घराएवढे ट्रक चालवून नुकतीच रिटायर झालेली. तिच्या आवाजाला अजून त्या ट्रकच्या इंजिनावर मात करायची सवय होती. "इंडियन आहेस म्हणजे क्रिकेट खेळला असशीलच," असं म्हणून तिने माझ्या हातात बॅट दिली. मी खेळलो होतो ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एक टप्पा आउट. पण ते सांगायची सोय राहिली नव्हती.

तिसरा चेंडू बॅटला लागला. मी धावलो. सगळे ओरडायला लागले, "बॅट टाक! बॅट टाक!" बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, प्रोत्साहन देताहेत. मी बॅट घट्ट धरून पहिल्या बेसपर्यंत गेलो आणि सवयीने वाकून ती रेषेपलीकडे टेकवली. पायऱ्यांवरची माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

पुढच्याच आठवड्यात शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मेट, तुझ्यासाठी वेगळं काम आहे." गावातल्या जुन्या जागांपाशी माहितीचे फलक लावायचं कौन्सिलने ठरवलं होतं, आणि स्टेडियमचा इतिहास क्लबने लिहून द्यायचा होता. "तू नवीन आहेस. तुझं अजून कोणाशी भांडण नाही. आणि तू दिवसभर घरीच असतोस."

"मी घरून काम करतो," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी. घरीच असतोस."

मी विचारलं, "पहिला प्रश्न. याला स्टेडियम का म्हणतात?"

तिच्याकडे उत्तर तयार होतं. म्हणे, फार पूर्वी पर्थहून एक मोठी टीम यायची होती. साध्या ग्राउंडवर आम्ही खेळत नाही, असं त्यांनी कळवलं. म्हणून क्लबने घाईघाईने पाटी लावली. "पण मी तेव्हा शाळेत होते," ती म्हणाली. "त्या वेळच्या पिचरला विचार. त्यानेच लावली ती."

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. हे आजोबा आता वृद्धाश्रमात राहत होते. घरात बायकोशी बोलताना मी त्यांना आजोबाच म्हणायचो, म्हणून इथेही तसंच म्हणतो. त्यांची बोटं सांध्यांत वाकडी झाली होती, पण मी बेसबॉलचं नाव काढताच त्यांनी टेबलावरचं संत्रं उचललं आणि चेंडू हवेत कसा वळवायचा ते दाखवायला लागले. नर्स येऊन संत्रं घेऊन गेली. याआधी काहीतरी फुटलं असावं.

"पाटी ना? मी रंगवली," आजोबा म्हणाले. "या हातांनी. लिहून घे."

"पर्थच्या टीमसाठी?"

"कुठली पर्थची टीम? मला हुक्की आली, मी रंगवली. यापलीकडे काही नाही."

हे सांगताना ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, आठवणीत हरवले असतील.

त्याच टीमच्या कॅचरची, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू झेलणाऱ्याची, बायको अजून गावात होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावाच्या टोकाला एकटीच कोंबड्या पाळून राहायची. या आजी. पहिल्या भेटीत त्यांनी मला चहा दिला, "लव्ह" म्हणून हाक मारली, आणि आजोबांचं वाक्य ऐकून कप बशीत असा ठेवला की कोंबड्या दचकल्या.

"रंगवली? त्याने? त्याला स्वतःचं कुंपण कधी रंगवता आलं नाही. त्याला सांग, चोरीचा माल स्वतःच्या नावावर खपवू नकोस म्हणावं."

"चोरीचा?"

"तू त्याला सांग तर खरं."

मी सांगितलं. आजोबा पुन्हा खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "तिला सांग, तिचा काहीतरी गैरसमज होतोय. पाटी मी रंगवली."

तिथून माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. दुपारी मीटिंग संपली की गाडी काढायची, आश्रमात जायचं, तिथला निरोप आजींकडे, आजींचा निरोप आश्रमात. दोघांमध्ये पाच मिनिटांचंही अंतर नव्हतं, पण वर्षानुवर्षं ते एकमेकांशी बोलले नव्हते. फोन होता, तो उचलायचा नाही. मी होतो.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "तू नक्की इतिहास लिहितोयस की घटस्फोटाची केस चालवतोयस?"

"त्यांचं लग्नच झालेलं नाही."

"तरी एवढं भांडतात? मग नक्कीच काहीतरी होतं."

बायको डॉक्टर आहे, निदान लवकर करते. दुसऱ्या दिवशी मी आजींना सरळच विचारलं. आजी जराही लाजल्या नाहीत. "होतं की. वर्षभर फिरलो एकत्र. पण पिचरचं लक्ष सगळीकडे असतं, लव्ह. या बेसवर कोण, त्या बेसवर कोण, पायऱ्यांवर कोण बसलीये. कॅचर बिचारा समोर बघत बसतो. मी त्याच्याशी लग्न केलं." एवढं बोलून त्या उठल्या. "चल, तुला पुरावा दाखवते."

कोंबड्यांचं खुराडं परसात होतं. माझा अंदाज असा होता की पुरावा घरात, कपाटात वगैरे असेल. पण आजींनी मला खुराड्यात शिरायला सांगितलं. मी ओणवा होऊन आत गेलो. एक लाल कोंबडी माझ्या बुटाच्या नाडीला चोच मारायला लागली. "वर बघ," आजी बाहेरून म्हणाल्या.

वर पत्रा होता आणि त्या पत्र्यावर, आतल्या बाजूने, हातभर उंचीच्या अक्षरांत एका गावाचं नाव होतं. स्टेडियमवर होता तसाच पिवळा रंग, तसंच वळणाचं अक्षर. ते गाव इथून बरंच लांब. तिथलं सोनं संपलं आणि माणसं निघून गेली. नाव इथे लिहीत नाही, कारण काही घरं तिथे अजून आहेत, आणि त्यांना पाटी परत हवी असेल तर क्लबची पंचाईत होईल.

सगळं असं झालं होतं. त्या गावात सायकलच्या शर्यतींचं एक छोटं स्टेडियम होतं. ते बंद पडलं, मोडायला निघालं. एका दुपारी घोड्यांच्या शर्यतींसाठी सगळी माणसं दुसरीकडे गेलेली असताना आजी आणि आजोबा, तेव्हाचे विशीतले, एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन तिथे गेले. पाटी काढली. ती गाडीत मावेना, म्हणून करवतीने मधोमध कापली. एका तुकड्यावर गावाचं नाव, दुसऱ्यावर स्टेडियम. नावाचा तुकडा लावणं शक्यच नव्हतं, तो आजींनी घरी नेला. दुसरा आमच्या मैदानावर चढला.

"आणि तो इतकी वर्षं सांगत फिरतोय, मी रंगवली, मी रंगवली," आजी म्हणाल्या. "बोल्ट सोडवायला पाने कोणी धरले होते? करवत कोणी चालवली? माझं कुठे नावसुद्धा नाही."

पत्र्याचा फोटो काढून तो दाखवायला मी मोबाइल घेऊन तसाच आश्रमात गेलो. आजोबांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला. बराच वेळ बघितला.

"हे तिच्याकडे आहे अजून?" ते म्हणाले.

"खुराड्यावर आहे."

"मला वाटलं, लग्नानंतर तिने टाकून दिलं असेल." मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. "अरे, पाटी काढून परत येताना तिनेच माझ्याकडून शपथ घेतली होती. तिचे वडील पोलिसात. कोणीही विचारलं तरी सांगायचं, मी रंगवली. मरेपर्यंत. मी अजून मेलो नाही, म्हणून तेच सांगतोय."

मी खुर्चीत मागे टेकलो. या माणसाने आपली मैत्रीण दुसऱ्याशी लग्न करून गेल्यावरही तिचं गुपित सांभाळलं होतं, आणि ती बाई मात्र तेवढाच काळ त्याला श्रेय लाटणारा म्हणून शिव्या देत होती. या वेळी मी निरोप घेऊन गेलो नाही. मी गाडीत बसून आजींना फोन लावला आणि म्हणालो, "हे तुम्ही दोघं समोरासमोर बोला. मी यात नाही."

शनिवारी मी आजोबांना आश्रमातून उचललं. आजी स्वतःची गाडी घेऊन आल्या. दोघं पायऱ्यांवर बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी खाली शेगडीपाशी उभा राहिलो, पण सगळं ऐकू येत होतं, कारण दोघांनाही कमी ऐकू यायचं.

"मी शपथ घेतली होती तुझ्याकडून?" आजोबांचं ऐकून आजी म्हणाल्या.

"बायबलवर नाही. पाईपच्या पान्यावर हात ठेवून."

आजींनी डोळे मिटले. आठवत असावं. मग म्हणाल्या, "अगोबाई," म्हणजे इंग्रजीत जे काही म्हणतात ते, "खरंच की रे." आणि त्या मधल्या रिकाम्या जागेत सरकल्या. शेजारीण आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजली, "काय झालं?" तिचं कुजबुजणं इतकं मोठं होतं की तिसऱ्या बेसवरच्या पोरानेही मागे वळून बघितलं.

आता मजकूर लिहायचा होता, आणि खरी लढाई इथे सुरू झाली. आजींना आता आपलं नाव हवं होतं. आजोबा म्हणाले, घाल, पण "चोरली" लिहायचं नाही. आजी म्हणाल्या, मग "उसनी आणली" लिही. शेजारीण म्हणाली, उसनं आणलेलं परत करावं लागतं, ते गाव मागायला येईल. आजोबांनी "सापडली" सुचवलं. आजी म्हणाल्या, बोल्ट काढून काढलेली वस्तू सापडत नाही. "वाचवली" या शब्दावर थोडा वेळ सगळे खूश होते, तेवढ्यात कौन्सिलमधल्या बाईंचा मला फोन आला: फलकावर कुठलाही गुन्हा सूचित होईल असं काही नको, प्लीज, नो वरीज.

मी वैतागून घरी आलो. बायको ड्युटीवरून येऊन सोफ्यावर आडवी पडली होती. सगळं ऐकून ती डोळे न उघडता म्हणाली, "मराठीत लिही ना."

"इथे कोण वाचणार?"

"तसं नाही रे. आपल्याकडे कप फुटतो, दूध उतू जातं, किल्ली हरवते. कोणी काही करतच नाही. तशी पाटी आली. कोणी आणली नाही. आली."

मी तेच वाक्य इंग्रजीत केलं. पाटी एका दुपारी आली. तिच्यासोबत दोन तरुण माणसं होती, त्यांची नावं पुढे दिली आहेत. आजोबांनी वाचून मांडीवर थाप मारली. आजी म्हणाल्या, "माझं नाव आधी." तेवढी दुरुस्ती केली.

फलक उघडायला कौन्सिलचे एक गृहस्थ आले. त्यांनी मजकूर मोठ्याने वाचला, "पाटी एका दुपारी आली" पाशी थांबले, आणि वळून विचारलं, "कुठून आली?" पायऱ्यांवरची सगळी माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. आजी म्हणाल्या, "उत्तरेकडून." गृहस्थांनी समजल्यासारखी मान हलवली आणि टाळ्या झाल्या.

तेव्हापासून शनिवारी आजीच आजोबांना आणतात. सामना संपला की मी त्यांना गाडीपर्यंत सोडतो. आजी गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवतात आणि आजोबा शेजारी बसून सूचना देतात: डावीकडे, थांब, आता जा, आता जाऊ नको. परवा गेटपाशी दोघं कुठलं वळण घ्यायचं यावर अडून बसले. मागे सहा गाड्या उभ्या. शेजारणीने हॉर्न वाजवला. आजींनी काच खाली केली, हाताने तिला पुढे जायची खूण केली, काच वर केली आणि पुन्हा आजोबांकडे वळून बोलायला लागल्या. इंडिकेटर उजवीकडचा चालू होता आणि चाकं डावीकडे वळलेली होती.