विश्राममधलं माप

"विश्राम!" असं म्हटल्याशिवाय मास्तरांनी कधी कुणाच्या पोटाला टेप लावली नाही.

साताऱ्यात एका बोळात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक बहुतेक रिटायर फौजी. पलटणीच्या मेळाव्याचा ब्लेझर, जावयाचा सूट, झेंडावंदनाला जाताना छातीवर लावायची मेडलं नीट ओळीत बसवून देणं, असली कामं. आता फौजी माणूस कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे. टेप दिसली की गडी आपोआप ताठ. छाती पुढं, पोट गायब. मास्तर चष्म्यावरून बघत राहायचे.

"विश्राम! सावधानचं माप मला नगं. सावधानमधी मापलेल्या कोटाची बटणं परेड संपली की उडत्यात."

मग सुभेदारसाहेब हळूच श्वास सोडायचे, पोट आपल्या जागी परत यायचं आणि मास्तर खरा आकडा वहीत लिहून घ्यायचे.

मी त्यांचा गिऱ्हाईक नव्हतो. मी मूळचा इस्लामपूरचा, दुकानदारांना कार्डाची मशीन देणाऱ्या एका कंपनीत नवा लागलो होतो. ऑफिस सांगलीत, फिरती सांगली ते सातारा. गळ्यात टाय आणि तोंडात ट्रेनिंगला पाठ करून घेतलेलं इंग्रजी. पहिल्यांदा दुकानात शिरलो तेव्हा मास्तरांच्या टेबलावर दुसऱ्या दोन कंपन्यांची पत्रकं आधीच होती. एकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी कॉलरचा आकार काढून ठेवला होता.

मशीन त्यांना हवी होती हे खरं. पाच-पन्नास रुपयांचं काम मोबाईलवर भागायचं, पण पेन्शनच्या खात्याबरोबर बँकेनं फौजींच्या गळ्यात क्रेडिट कार्डं घातली होती आणि ब्लेझर घेताना ते कार्डच पुढं करायचे.

मी पोपटासारखा सुरू झालो. बाकीच्या कंपन्या भाडं घेत नाहीत, पण प्रत्येक व्यवहारातून आपला टक्का कापून घेतात. आमचं उलटं. महिन्याला ठरलेलं भाडं भरा, मग महिन्यात कितीही कोट विका, आमचा टक्का शून्य. बँकेचं जे काय असेल तेवढंच जाणार.

"आन् कोट विकलाच न्हाई तर?"

"सर, तसं होणारच नाही. आपलं पोटेन्शियल..."

"विश्राम!" मास्तर म्हणाले. "तू सावधानमधी बोलतुयास. च्या पी, टाय सैल कर, मग सांग."

चहा पिता पिता माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं. पावसाळ्यात धंदा नसला तरी भाडं चालूच राहतं. मधेच बंद करता येत नाही, एकदा घेतलं की वर्षभर बांधलेलं. आणि मला हीच योजना खपवायला सांगितलंय, कारण अशा मशिनी ठराविक संख्येनं खपल्या तरच साहेब मला कायम करणार होते. नाहीतर दोन महिन्यांनी घरी.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मापाची वही काढली. हिशेबाची नव्हे, मापाची. छातीचे आणि कंबरेचे आकडे वाचत त्यांनी त्यातनंच वर्षाचा धंदा काढला. "ह्यो सुभेदार, पोट बेचाळीस, जानेवारी, कार्डवाला. ह्यो हवालदार, पोट चाळीस, त्यो बी कार्डवाला. आषाढात बघ, एक बी पोट न्हाई." मी आकडेमोड केली. रिकामे महिने धरूनही वर्षाकाठी आमचंच थोडं स्वस्त पडत होतं. थोडंच.

"म्हंजी हे बलुतं झालं की," मास्तर म्हणाले. "माझा बाप खेड्यात बलुत्यावर शिवायचा. वर्षाला घरटी जोंधळा ठरलेला, मग त्या घरचा एक सदरा शिव न्हाईतर धा. पण गड्या, बलुत्याला एक अट असती. घेणाऱ्यानं हाकेची वाट बघायची नसती. जत्रा आली, लगीन आलं, की आपणहून सुई-दोरा घिऊन दारात जायचं. तुझ्या कंपनीला हे कळतंय का?"

कंपनीकडे चोवीस तासांचा हेल्पलाईन नंबर आहे, असं मी म्हणालो.

"नंबर न्हाई. कोण येणार?"

"मी येईन," मी म्हणालो. मास्तरांनी हात पुढं केला, मी हातावर हात मारला. कागदावरची सही त्यानंतर झाली, आणि कागद त्यांनी वाचलाही नाही.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी सांगलीत होतो. त्याच दिवशी अकरा वाजता मला कायम करायचं की नारळ द्यायचा याची मीटिंग होती.

"गड्या, तुझी मशीन झोपलीया. बाकी बरं हाय न्हवं?" एवढंच म्हणाले. मागं दोन-तीन दणकट आवाज "मेडल तैयार है क्या?" म्हणून ओरडत होते. मी हेल्पलाईनला फोन लावला. माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे एक बाई गोड आवाजात सांगत राहिली.

अकराला वीस मिनिटं होती. मी कपाटातली जादा मशीन पिशवीत टाकली, साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि साताऱ्याची एसटी पकडली. कराडला साहेबांचा फोन आला. त्यांनी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी सगळं सीटवर सावधानमध्ये बसून ऐकलं.

दुकानात पोचलो तर गर्दी नाही की काही नाही. मास्तर निवांत काज करत बसलेले.

"लोकं कुठं गेली?"

"दिले समद्यांला कोट. म्हणलं पैशाचं परवा बघू. उद्या झेंड्याला काय बनियनवर हुबं करू त्यांला?"

"मग मला फोन कशाला केला?"

"मी 'ये' म्हणलो का? मशीन झोपलीया एवढंच बोललो. म्हणलं, बघावं येतुयास का."

माझं डोकं फिरलं. "मास्तर, माझं माप घेत होता व्हय? तिकडं माझी नोकरी गेली आसंल!" आणि मीटिंगचं सगळं सांगून टाकलं. वयाचा मान न ठेवता बोललो, याची आजही लाज वाटते.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. त्यांना बिनटेपचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. बापाची अट सांगितली, पण बापाला कुणी असं उगा पळवलं न्हवतं."

सत्तावीस तारखेला सगळे फौजी पैसे द्यायला आले. एकही चुकला नाही. नव्या मशीनवर कार्डं चालू लागली, आणि मास्तर दर कार्डामागं तीच कथा सांगत होते: पोरगं नोकरी सोडून आलं, खोट्या हाकेला आलं. एका सुभेदारांची सिक्युरिटी एजन्सी होती, एका नायकाच्या बायकोची खानावळ, एका हवालदाराचं खेळाच्या सामानाचं दुकान. पंधरा दिवसांत सहा मशिनी गेल्या. कुणीही मला दर विचारला नाही, सगळे "कोण येणार?" एवढंच विचारायचे. मीटिंगमधला निर्णय साहेबांनी पुढं ढकलला होता, हा आकडा बघून त्यांनी मला कायम केलं आणि माझं सेल्स टेक्निक चांगलं आहे असंही वर म्हणाले.

त्यानंतर मी झेंड्याच्या आधी, लग्नसराईच्या आधी, बोलावणं नसताना साताऱ्याला जाऊ लागलो. मशीन तपासायची, चहा प्यायचा. महिन्याचं भाडं माझ्याच पोटाला जातं असा मास्तरांचा ठाम समज होता. ते कंपनीला जातं, मला पगार असतो, हे मी तीनदा समजावलं. "बरं, बरं," म्हणायचे आणि विषय बदलायचे. बलुतेदाराला सणाला काही द्यावं लागतं म्हणून दर ईदला माझ्यासाठी एक सदरा शिवून ठेवायचे. टेप कधी लावली नाही. दारातून आत येताना एकदा बघायचे, बस. लग्नानंतर माझं पोट सुटलं, तर त्या वर्षीचा सदरा नेमका तेवढाच मोठा. मी त्यांना म्हणालो, "मास्तर, मला तर अजून कळलं पण नव्हतं." ते म्हणाले, "बायकुला इचार, तिला ठावं आसंल."

यंदा आषाढात त्यांच्या मशीनवर एकही व्यवहार नव्हता. दरवर्षी नसतोच. मला वावगं काही वाटलं नाही. पंधरा ऑगस्ट जवळ आल्यावर नेहमीसारखा गेलो. दुकान उघडं होतं आणि शिलाई मशीनवर त्यांची मुलगी बसली होती. ती पूर्वीपासून आतल्या खोलीत बायकांचे कपडे शिवायची. समोर दोरीवर फौजींचे कोट टांगलेले. मी मास्तरांना विचारलं.

"अब्बा गेले," ती म्हणाली. "महिना झाला. चारच दिवस दवाखान्यात होते."

"मला एक फोन करायचास गं."

"करणार होते. त्यांनीच नको म्हणून सांगितलेलं."

ती उठली आणि कोटांच्या मागून एक निळा सदरा काढून आणला. मास्तर प्रत्येक कपड्याला नावाची आणि तारखेची चिठ्ठी टाचायचे, तशी याला होती. नावाच्या जागी 'मशीनवाला'. तारखेच्या जागी त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बोलवू नये. येईल.'

मी आलो होतो खरा, पण महिनाभर उशिरा. मला रडू आलं, आणि समोर एक कर्नल पँटचं माप द्यायला उभे होते तरी ते आवरलं नाही.

"घालून बघा," ती म्हणाली. "काही असलं तर मी करून देईन."

सदरा घालून मी आरशासमोर उभा राहिलो. सवयीनं छाती पुढं गेली, पोट आत गेलं. तिनं बापासारखंच चष्म्यावरून पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाली, "विश्राम."

मी श्वास सोडला. सदरा बरोबर बसला.