बिब्यावरचा आळ

चौकशीला आलेल्या साहेबांपुढे बिब्याचं नाव मी काढलं. कुणी काढायला लावलं नव्हतं. पंचवीस वर्षं होत आली, ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

नाशिकबाहेरच्या एका छावणीत मी तेव्हा कच्च्या नोकरीवर कारकून होतो. शिपायांचे कपडे परटाला मोजून द्यायचे आणि धुऊन आले की मोजून घ्यायचे, हे माझं काम. परीट चाळिशीचा, तोंडाचा फटकळ. मी मोजताना चुकलो की म्हणायचा, "भाऊसाहेब, आज चहा झाला नाय वाटतं." प्रत्येक कपड्यावर तो बिब्याची खूण करायचा. सुईनं बिबा टोचायचा आणि त्याच्या काळ्या तेलाचा ठिपका कॉलरच्या आत द्यायचा. हे तेल कातडीला लागलं की बिबा उततो, फोड येतात. पण याच्या हाताला उभ्या जन्मात बिबा उतला नव्हता, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

त्या वर्षी हबसाणात, म्हणजे इथिओपियात, इटलीनं विमानांतून अंगावर फोड उठवणारा विषारी वायू टाकल्याच्या बातम्या येत होत्या. छावणीतले गोरे अधिकारी इटलीला नावं ठेवत. असला वायू लढाईत वापरणार नाही, असं मोठमोठ्या देशांनी कागदावर लिहून दिलं होतं. मात्र तो बाळगायला आणि करून पाहायला बंदी नव्हती. आमच्या पलीकडच्या टेकडीवर त्याची कवायत चाले. टेकडीवरून आलेले कपडे भुकटी मारून तीन दिवस वेगळे ठेवावेत, असा हुकूम माझ्या टेबलावर आला. मी वाचला, खणात टाकला आणि विसरलो. शनिवारी परीट आला तेव्हा सगळी गाठोडी नेहमीसारखी त्याच्या पुढ्यात टाकली.

"लसणाचा वास मारतोय, भाऊसाहेब. पलटण सदऱ्यात जेवली का काय?"

दोघंही हसलो.

सोमवारी त्याची बायको त्याला हाताला धरून घेऊन आली. दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले होते, डोळे सुजून मिटले होते. ती म्हणाली, "भाऊसाहेब, त्या कपड्यात काय व्हतं?" मी म्हणालो, मला काय माहीत.

ही बातमी कशी कोण जाणे दिल्लीपर्यंत गेली. तिथल्या कायदेमंडळात कुणीतरी प्रश्न विचारला की, इटलीला बोल लावणारं सरकार इथं काय करतंय? उत्तर द्यायचं म्हणून चौकशी समिती नेमली गेली. तिघे आले. दोघे लष्करातले, घड्याळाकडे बघणारे. तिसरा म्हातारा डॉक्टर, नुकताच विलायतेहून आलेला. त्यानं परटाचा हात अलगद स्वतःच्या मांडीवर घेतला आणि दुभाषा म्हणून उभ्या असलेल्या मला इंग्रजीत सांगितलं, "याला विचार, हे कपडे टेकडीवरचे होते का?"

छावणीचे आमचे साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांनी डोळ्यानंसुद्धा खुणावलं नाही. माझ्या मनात मात्र खणातला तो हुकूम होता, आणि कायम होण्यासाठी केलेला अर्ज. मी परटाला काही विचारलंच नाही. इंग्रजीत सांगितलं, "साहेब, इकडे परीट खुणेला बिबा वापरतात. त्यानं असेच फोड येतात."

त्या सगळ्या इंग्रजीत परटाला तेवढा एक शब्द कळला. त्यानं मान वर केली.

"बिबा? बिबा नाय म्हणा त्यांना, भाऊसाहेब. मला उतत नाय. तुमाला ठावं हाय."

डॉक्टरनं विचारलं, "काय म्हणतो?"

"चूक कबूल करायला लाजतोय," मी म्हणालो.

म्हातारा प्रामाणिक होता. त्यानं एक बिबा मागवून घेतला आणि टोचून तेलाचा थेंब स्वतःच्या मनगटावर लावला. दोन दिवसांनी तिथं टपोरा फोड आला. खोटं मी बोललो होतो, पुरावा त्या भल्या माणसाच्या अंगावर उठला. अहवालात लिहिलं गेलं: धोब्याचा निष्काळजीपणा. दिल्लीला उत्तर मिळालं. मी महिन्याभरात कायम झालो.

परटाचं छावणीचं काम गेलं. गावातही लोक म्हणू लागले, याचा बिबा उततो, कपडे नकोत याचे. हात बरे झाले, पण बोटं आखडलेलीच राहिली. मग तो बायकोमुलाला घेऊन कळवणकडे, सासुरवाडीला गेला. जाताना कचेरीत आला होता. मला वाटलं, शिव्या देईल. तो म्हणाला, "भाऊसाहेब, आता मोजताना चुकू नका. सांगायला मी नाय." तिकडेच तो वारला.

त्याचा मुलगा आता नाशकात गंगापूर रोडला इस्त्रीचं दुकान चालवतो. दोन वर्षं माझे सदरे त्याच्याकडेच जातात. मी कोण, हे त्याला माहीत नाही. परवा खुणेचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "आमच्याकडं बिबा नाय, काका. शाईच. वडलांच्या हातनं एकदा चूक झालती, लय भोगलं आम्ही."

मी सदरे उचलले आणि घरी आलो.

त्याच्या वडिलांच्या हातून चूक झाली नव्हती, माझ्या हातून झाली होती. हे त्याच्या दुकानात उभं राहून, त्याच्या तोंडावर सांगणं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.