वीसपैकी सतरा

साठच्या दशकात मी बेंगळूरला सशस्त्र पोलिसांच्या कचेरीत कारकून होतो. वर्षातून एकदा चांदमारी असे. प्रत्येक शिपायाने वीस गोळ्या झाडायच्या आणि निशाणांखालच्या खंदकात बसून मी कागदावरची भोकं मोजायची. बारा लागल्या तर पास. नापास होणाऱ्याची बंदूक जाई आणि तिच्याबरोबर पोलीस लाइनीतलं घरही.

आमच्या शेजारचा शिपाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आमच्यासारखाच पिढ्यान्‌पिढ्या इथला मराठी. मी त्याला अण्णा म्हणे. त्या वर्षी त्याला लांबचं दिसेनासं झालं होतं. आदल्या दिवशी म्हणाला, "स्वल्प सांभाळून घे रे. तीन पोरी आहेत."

त्याच्या नऊ लागल्या. निशाण खाली ओढणारा हवालदार हसला, "बाकीच्या अकरा बनशंकरीला दर्शनाला गेल्या!" आणि विडी पेटवायला पाठ फिरवली.

गोळीचं भोक साधारण पेन्सिलीच्या जाडीचं असतं. एखाददुसऱ्या भोकाची मदत खंदकात सगळेच करीत. पण काठावरचे आकडे साहेब पुन्हा मोजायला लावत. म्हणून मी तीन भोकांवर थांबलो नाही, आठ पाडली. सतरा लिहिले आणि सही केली.

पुढच्या वर्षी बाजारात दगडफेक झाली, तेव्हा त्या सतरांमुळेच अण्णाला पहिल्या रांगेत उभं केलं. हुकूम गुडघ्याखाली मारण्याचा होता. अण्णाची गोळी एका विणकराच्या छातीत लागली. तो जागीच गेला.

चौकशीत साहेबांचा प्रश्न सरळ होता. वीसपैकी सतरा मारणारा माणूस गुडघा सोडून छाती गाठतो, ती चूक कशी? मुद्दामच मारली.

नोंदवही घेऊन मला बोलावणं आलं. बाहेर बाकावर अण्णा बसला होता.

"मी खरं सांगून टाकतो," मी म्हणालो.

"काय सांगशील? याला दिसत नव्हतं? मग न दिसता गर्दीवर बंदूक कशी उचललीस, म्हणतील. मी दोन्हीकडून गेलोच. तू कशाला येतोस मागं?"

"अण्णा, तुला तो दिसला होता?"

"नुसतं पांढरं पांढरं हलत होतं रे."

आत साहेबांनी पान उघडलं.

"अक्षर तुमचं?"

"होय."

"भोकं स्वतः मोजलीत?"

मोजली होती, हे खरंच होतं. मी तेवढ्यालाच धरून राहिलो. "होय. सतरा."

अण्णाची नोकरी गेली, नंतर शिक्षाही झाली. त्याची बायको पोरींना घेऊन माहेरी गेली. त्यांचं सामान गाडीत चढवायला मी हात लावला.

पुढच्या चांदमारीला साहेबांनी पुन्हा मलाच खंदकात पाठवलं. माझी मोजणी चोख असते, म्हणाले. नको म्हणायला मला एकही कारण देता आलं नाही.