शेवटची बास्केट

हिंदमाताजवळ साड्यांना फॉल-पिको करणारे काका इतके उंच आहेत की मशीनवर बसले की त्यांचे गुडघे टेबलाला लागतात. एके काळी ते परळमधल्या आमच्या मिलच्या बास्केटबॉल संघात खेळायचे. अजूनही चिंधीचा बोळा करून बसल्या जागेवरून डब्यात टाकतात. नेम चुकत नाही.

मिल विकली गेली, मैदानावर टॉवर चढला. मैदान नेलंत, इतिहास नेऊ देणार नाही, या संतापात मी संघावर पत्रक लिहिलं. शेवट सगळं परळ सांगतं तोच केला: पंचाने आपली शेवटची बास्केट लबाडीने नाकारली, म्हणून फायनल गेली.

काकांनी चष्मा लावून वाचलं आणि कापडावर खुणा करायच्या खडूने ते वाक्य खोडलं.

“पंच बरोबर होता रे. वेळ संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा बॉल माझ्या हातातच होता. लोक त्याला शिव्या घालत राहिले, मी गप्प बसलो. तसं लिही.”

“काका, लोक तुम्हाला बोलतील.”

“बोलू देत. त्या पंचाची मुलगी साड्या माझ्याकडेच आणते. पहिलं पत्रक तिला दे.”