वादळाचं कपाट

आमच्या इमारतीत वादळाची बातमी रेडिओच्या आधी जिन्यातून कळायची. तिसऱ्या मजल्यावरच्या हॅलोबाई एकाच दिवसात तिसऱ्यांदा पिशव्या घेऊन धापा टाकत वर निघाल्या की समजावं, समुद्रात कुठंतरी काहीतरी शिजतंय. मी त्यांच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतो. एकटाच असतो. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं माझं काम. दिवसभर कानाशी यंत्राची घरघर, त्यामुळे घरी आलं की मला शांतता लागते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या या शांततेचाही हात आहे.

हॅलोबाई बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसल्या. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. भाजी घेताना त्यांनी नुसतं "ताजी आहे का?" विचारलं तरी शेजारचा अनोळखी माणूस वळून बघायचा. पुढं यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला, बाई निवृत्त झाल्या आणि नाव तेवढं मागं राहिलं.

बोर्डाच्या काळात वादळ म्हणजे बाईंची दुप्पट ड्यूटी. सगळ्या गावाला एकाच वेळी एकमेकांशी बोलायचं असायचं. पोचलात का, खाल्लंत का, खिडक्या लावल्या का. बाई कानाला हेडफोन लावून दोन-दोन दिवस चहा आणि टोस्टवर काढायच्या. "जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं," त्या सांगायच्या. "ऐकत बसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. नियम होता तो." हा नियम त्यांच्या हाडात मुरला होता. लग्न केलं नाही. एक भाऊ होता लांब, त्याचा फोन आला तर बोलणार, आपण होऊन करणार नाहीत. तो गेला तेही त्यांना पंधरा दिवसांनी कळलं. आपण होऊन कुणाचं दार वाजवलंय, कुणाला 'या' म्हटलंय, असं मी कधी पाहिलं नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वादळात आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी शिरलं. तळमजल्यावर टेलरदादा राहतात. पुढच्या खोलीत शिलाई, मागच्या खोलीत संसार. बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि गुडघ्यांनी जेरीस आलेली म्हातारी आई. आईला पाठुंगळी घेऊन दादांनी आधी माझं दार वाजवलं, कारण पहिला मजला कायम बंद असतो आणि पुढं माझंच दार आधी लागतं. मी म्हणालो, "वरती जागा जास्त आहे." वरती जागा तेवढीच होती. बांधणाऱ्यानं सगळ्या मजल्यांना एकच साचा वापरलाय, हे मला माहीत होतं आणि दादांनाही.

हॅलोबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या. चिखल बाहेर झटका. आणि ते मशीन माझ्या सतरंजीवर ठेवू नका."

तीन दिवस ती मंडळी वर होती. माझ्या डोक्यावर तीन दिवस पावलं, भांडी, म्हातारीचा खोकला, पत्त्यांचा डाव आणि हसणं. भयंकर हसणं. मी केरसुणीच्या दांड्यानं छताला दोनदा ठोकलं. वर क्षणभर चिडीचूप झालं, मग आणखी मोठ्यानं हसू फुटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर प्रत्येक वादळात हेच. पाणी यायचं, टेलरमंडळी वर जायची, बाई दारात तोंड वाजवायच्या. "आलात का पुन्हा? घर आहे की सराई?" सगळ्या जिन्याला ऐकू जायचं. पण कुणी येण्याच्या कितीतरी आधीपासून बाईंचं कपाट भरलेलं असायचं, हे ऐकू जात नव्हतं. ते मला यंदा दिसलं.

यंदाचं वादळ मोठं आहे असं पहिल्यापासून सांगत होते. टेकडीवरच्या शाळेत नवा हॉल झालाय, तिथं लोकांची सोय केली होती. आदल्या दिवशी टेलरदादा मला जिन्यात भेटले. म्हणाले, "यंदा आम्ही शाळेतच जातो. बाईंना किती वर्षं पिडायचं? त्यांना आवडत नाही, तसं त्या बोलूनही दाखवतात. आणि आमच्यामुळे तुमचीही झोप मोडते."

"सांगितलंत का त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगायचं? सुटलो म्हणतील."

खरं म्हणजे मला एक गोष्ट पक्की माहीत होती. एवढी वर्षं छताखाली राहून मला वरचं प्रत्येक हसणं वेगळं ओळखू यायचं आणि त्यातलं सगळ्यात मोठं हसणं बाईंचं असायचं. वर्षाचे बाकीचे दिवस त्या छतावरून पावलांच्या एकाच जोडीचा आवाज यायचा, खिडकीपर्यंत आणि परत. हे मी दादांना सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भोंगा लावलेली गाडी फिरत होती. संध्याकाळी वादळ किनाऱ्याला लागणार, सखल भागातल्यांनी दुपारपर्यंत घरं सोडावीत. दुकान बंदच होतं. खिडकीच्या काचांना लावायला माझ्याकडे चिकटपट्टी नव्हती, म्हणून दुपारी मी वर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दार उघडंच होतं. खोलीत गाद्या घातलेल्या, धुतलेल्या चादरी, टेबलावर पाच पेले पालथे, पत्त्यांचा जोड. भिंतीतलं कपाट उघडं होतं आणि बाई स्टुलावर उभ्या राहून डबे पुढंमागं करत होत्या. काळ्या कॉफीची बाटली. अननसाच्या फोडींचे डबे. आटवलेल्या गोड दुधाचे दोन डबे. क्रीमची बिस्किटं, खारे शेंगदाणे, संत्र्याचं सरबत. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता, एक्स्चेंजमधल्या सुवाच्य अक्षरात. 'दादा – कॉफी, साखर नाही. वहिनी – अननस, पाकासकट. आजी – गोड दूध, चमच्यानं. मागितलं तरी तिसरा चमचा नाही. छोटी – क्रीम आधी चाटते, रागवू नये.'

"कॉफी तुम्हालाही आवडते वाटतं," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"छे! कडू काढा तो. मी आपली चहा-टोस्टवाली." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "दोन वाजले. दर वेळी एवढ्यात म्हातारीला घेऊन वर येतात. आणि हा बघा, मशीन हातगाडीवर कुठं घेऊन चाललाय?"

खाली टेलरदादा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मशीन हातगाडीवर बांधत होते. शेजारी गाठोडं, गाठोड्याला टेकून म्हातारी. वहिनींनी घराला कुलूप लावलं.

"शाळेत जातायत," मी म्हणालो.

"का?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मला त्रास होतो असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणता की. दर वेळी. दारात उभ्या राहून."

"अहो, मी आपली तोंडानं म्हणते!" बाई स्टुलावरून उतरल्या आणि गादीच्या कडेला बसल्या. "एवढी वर्षं येतात, त्यांना एवढंही कळू नये?"

मला बाईंचा राग आला. त्याहून जास्त माझा आला. म्हणालो, "अजून कोपऱ्यावरच आहेत. हाक मारा. तुमच्या आवाजाला थांबतील."

त्यांनी खिडकी उघडली. वाऱ्यानं पत्ते खोलीभर उडाले. त्यांनी तोंड उघडलं, मान पुढं केली. ज्या आवाजानं अख्ख्या गावाला एकमेकांशी जोडून दिलं, तो आवाज काही बाहेर पडेना. हातगाडी वळली. बाईंनी खिडकी लावून कडी घातली.

"नाही जमत मला," त्या म्हणाल्या. "कधी केलंच नाही हो."

मी चिकटपट्टी मागायची विसरून पत्ते गोळा करत बसलो. मग त्या उठल्या, कपाटाखालची मोठी पिशवी ओढली आणि एकेक डबा त्यात ठेवायला लागल्या. कॉफी, अननस, दूध. सगळ्यात शेवटी वरच्या फळीवरचं काहीतरी कागदात गुंडाळून. पदर खोचला, पिशवी उचलायला गेल्या आणि ती जागची हलेना.

"मी येतो पोचवायला," मी म्हणालो.

टेकडीच्या चढावर वारा अंगाला ढकलत होता. बाई दर वीस पावलांवर थांबायच्या आणि मी थकलोय का असं मलाच विचारायच्या. शाळेच्या दारात टेबल मांडून चित्रकलेचे मास्तर नावं लिहून घेत होते. त्यांनी बाईंचा पत्ता लिहिला आणि मान वर केली.

"बाई, तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथं पाणी येतं का?"

"पाणी नाही येत."

"छप्पर गळतंय? भिंतीला तडे?"

"नाही."

"मग आम्ही कारण काय लिहायचं? जागा मोजकी आहे हो. ज्यांच्या घराला धोका आहे त्यांच्यासाठी हा हॉल."

मागं रांग लागली होती. बाईंनी एकदा आत पाहिलं. मला वाटलं, आता वळतील. मीच म्हणणार होतो, चला परत. तेवढ्यात त्यांनी टेबलावर हात टेकला आणि बोर्डावर बसून नंबर सांगावा तशा स्वच्छ, सावकाश आवाजात म्हणाल्या, "एकटी आहे. लिहा तसं. पुन्हा सांगू का?"

मास्तरांनी पेन टेकवलं आणि लिहिलं. त्यांच्या कागदावर उलट्या बाजूनंही मला तो शब्द वाचता आला.

आवाज ऐकून आतून वहिनी धावतच आल्या. "अगंबाई, तुम्ही इथं कशा?"

"कशा म्हणजे? तुमच्या पायी चढावं लागलं एवढं," बाई लगेच सुरू झाल्या. "सरका जरा. आणि ही सतरंजी कुणी अंथरलीय अशी वाकडी?" पण हे म्हणताना त्यांनी वहिनींचं मनगट घट्ट धरलं होतं आणि ते काही केल्या सोडत नव्हत्या. म्हातारीनं बसल्या जागी सरकून भिंतीकडची जागा करून दिली. दादांना कॉफीची बाटली मिळाली, म्हातारीला दुधाचा डबा दिसला आणि ती लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली. "दोनच चमचे," बाई म्हणाल्या. टेलरदादा माझ्याकडे बघत होते. मी नजर चुकवली.

पिशवी रिकामी झाली तेव्हा बाईंनी बाजूला काढून ठेवलेलं कागदाचं पुडकं माझ्या हातात दिलं. "हे तुमचं."

"माझं?"

"आल्याची बिस्किटं. कडक भाजलेली. वाण्याकडे एकदा म्हणाला होतात तुम्ही, मी मागं उभी होते. दर वादळात आणते."

"पण मी तर कधी वर आलो नाही."

"तुम्ही नाही. तुमचा दांडा यायचा," बाई म्हणाल्या आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "आम्ही मुद्दाम आणखी मोठ्यानं हसायचो. म्हटलं, निदान भांडायला तरी येईल हा माणूस."

पुडकं काखेत धरून दाराशी आलो तर मास्तरांनी नवा कागद पुढं ओढला. "तुमचंही लिहू का? वारा वाढलाय, आता खाली कशाला जाता?"

हॉलमध्ये छोटी पत्ते वाटत होती. मला वाटतं, ती सहावा वाटा मांडत होती, पण मी नीट पाहिलं नाही. "नाही, नाही," मी म्हणालो. "मी नुसता सामान पोचवायला आलो होतो. माझ्याकडे सगळं ठीक आहे."

घरी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. इमारतीत माझ्याखेरीज कुणी नव्हतं. पाच वाजता वीज गेली आणि वाऱ्यानं खिडक्या धरून हलवायला सुरुवात केली. तळमजल्यात पाणी शिरल्याचा आवाज आला, मग तोही वाऱ्यात बुडाला. मी पुडकं उघडून एक बिस्किट खाल्लं. चांगलं होतं. दुसरं खाल्लं आणि वर बघत बसलो.

वरून काही आवाज येत नव्हता. म्हणजे मला हवं होतं तेच. मी थोडा वेळ थांबलो, मग उठून कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि दांड्यानं छताला दोनदा ठोकलं.