सारवलेली भेग

दारात कुणीही आलं तरी सरूआत्या आधी डोंगराकडे बघायच्या, मग माणसाकडे. मी नवा ग्रामसेवक म्हणून पहिल्यांदा गेलो, हात जोडले, तर बाईंची नजर आपली वरच. मला रागच आला. मग म्हणाल्या, "बसा भाऊसाहेब. आज गप हाय त्यो."

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, आणि वाडीच्या डोक्यावर नाचणीची उतरण. त्या उतरणीला भेग पडली होती. आत्यांनी भेगेच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोकल्या होत्या आणि रोज सकाळी मधलं अंतर त्या हाताने मोजायच्या. "मागल्या साली चार बोटं व्हती, आता वीत झाली," हे येईल त्याला ऐकवायच्या. वाडी कंटाळली होती. खरं सांगायचं तर मीही.

एका उन्हाळ्यात दरडीचा धोका असलेल्या वाड्यांची पाहणी निघाली. यादीत नाव लागलं तर पावसाळ्यात सुरक्षित जागी हलवणार, पुढे घरांना जागाही मिळणार. नाही लागलं तर डोंगराखालीच राहायचं. मी आगाऊपणाने निरोप धाडला, "साहेब येणार आहेत, वाडी नीटनेटकी ठेवा."

आता आमच्याकडे पाहुणा यायचा म्हणजे काय करतात? सारवतात. बायांनी भिंतींच्या चिरा शेणमातीने लिंपल्या. गडी वर गेले, खुंट्या उपटल्या, भेग मातीने बुजवून वरून हात फिरवला. आत्या तेव्हा नसरापूरला लेकीकडे होत्या. पाहणीच्या दिवशी एसटीतून उतरून वाडीत आल्या, तोवर साहेबांनी गुळगुळीत भिंती बघून खालूनच 'धोका नाही' लिहिलं होतं. कागदावर अंगठे उठत होते. मी मान खाली घालून उभा. बोलायची हिंमत झाली नाही, हे आज कबूल करतो.

आत्यांनी अंगठा द्यायचं नाकारलं. कुदळ उचलली.

"सायेब, वर चला."

"आजी, उशीर होतोय. गाडी थांबलीय."

"गाडीला काय, थांबायचाच पगार हाय. चला."

वर जाऊन त्यांनी चार घाव घातले. ओली माती धसकन आत गेली. आत्या पालथ्या पडल्या आणि खांद्यापर्यंत हात भेगेत घातला.

"आता लिवा, धोका न्हाई म्हणून. तुमचं लिवून हुईस्तवर म्या हात काडत न्हाई."

साहेबांनी कागद काखेत मारला. मग खाली बसले, स्वतः हात घालून पाहिला, आणि लिहिलेलं खोडलं.

त्या पावसाळ्यात सगळी वाडी खालच्या शाळेत हलवली. दरड आली नाही. थंडीत तापाचं निमित्त होऊन आत्या गेल्या. डोंगर अजून उभा आहे, आणि म्हातारीने उगाच घोर लावला असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. तसं त्यांच्या तोंडावरही म्हणून झालं होतं. त्याच पावसाळ्यात शाळेच्या गळक्या छपराखाली सगळे दाटीवाटीने बसले होते, आणि त्यांचाच पुतण्या चिडवत होता, "आत्ये, कुठं अडली गं तुजी दरड?"

आत्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "हसा की. न्हाई आली तर दर साली हसा मला. हसाया समदी ऱ्हावा, येवडंच माजं म्हणणं हाय."