यादीतून खोडलेल्या तीन ओळी

आमच्या वाचनालयाच्या मास्तरांनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलेलं नाही. ते बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखाना बंद झाला, तेव्हा घड्याळाच्या दुकानावरची ही खोली त्यांच्याकडे आली. अकरा कपाटं, एक कुरकुरणारा पंखा आणि खिडकीपाशी टेबल. पुस्तक उशिरा आणणाऱ्या मोठ्या माणसांनाही ते टेबलासमोर उभं करतात आणि विचारतात, "पुस्तक आजारी होतं की तुम्ही?" तेव्हापासून ते मास्तर झाले. त्यांच्या बायकोलासुद्धा दुसरं काही म्हणताना मी ऐकलेलं नाही. "मास्तर नव्या पुस्तकांना कव्हरं घालतात ना, तेव्हा मी हाक मारत नाही," असं त्या एकदा म्हणाल्या. "ओ देतात, पण ती पुस्तकाला."

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी डकवलेली असते. पुस्तक कोणी नेलं, की तिच्यावर तारखेचा शिक्का पडतो, नाव नाही. पुस्तक देताना मास्तर पहिल्या पानात कागदाची एक पट्टी घालतात. परत आल्यावर आवडलं का, असं ते कधी विचारत नाहीत. पट्टी कुठल्या पानावर आहे, तेवढं बघतात. "माणसं तोंडदेखलं बोलतात," म्हणतात. "पट्टीला ते जमत नाही."

आणि त्यांची सुट्टीची यादी. मुलांच्या परीक्षा संपल्या, की पुढच्या सोमवारी मास्तर एक कागद काढतात. त्या वर्षात आलेली दहा नवी पुस्तकं, शक्यतो पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांची, आणि प्रत्येकाखाली तीन ओळी. हाताने लिहितात आणि त्याच्या प्रती काढून आणतात. गेल्या वर्षी एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या कथांखाली लिहिलं होतं, "पहिली चाळीस पानं त्रास देतील. दम धरा. एक्केचाळिसाव्या पानावर तुम्ही त्याचे." एका नर्सच्या कादंबरीखाली, "प्रवासात नेऊ नका, स्टेशन चुकेल." त्या दोन्ही पुस्तकांसाठी नंतर महिनाभर रांग होती. यादी हातात पडली की माणसं आपलं डोकं वापरायचं बंद करतात आणि मास्तरांनी सांगितलेली दोन-दोन पुस्तकं घेऊन सुट्टीवर जातात. मीही त्यातलीच.

या वर्षी माझ्या मुलीचं पुस्तक आलं. आठ गोष्टी. त्यासाठी तिने चार वर्षांची नोकरी सोडली होती. प्रकाशनाला घरचे, ऑफिसातले, शेजारचे आले, फोटो निघाले. त्यानंतर शांतता. दीड महिना झाला तरी कोणाचं पत्र नाही, फोन नाही, कुठे चार ओळी छापून आल्या नाहीत. प्रकाशकाने उरलेल्या प्रतींचे दोन खोके घरी पाठवले, ते तिच्या पलंगाखाली गेले. ती लिहायची थांबली. मग नीट जेवायची थांबली. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, ओळखीचे सगळे चांगलंच म्हणणार गं. मला एक अनोळखी माणूस हवा. एक. ज्याने उगाच उचललं आणि वाचलं." मी म्हटलं, मिळेल. आईने दुसरं काय म्हणायचं असतं?

मास्तरांनी तिचं पुस्तक वाचनालयात ठेवलं होतं. मी सहज मागची चिठ्ठी बघितली. कोरी. तेव्हा माझ्या मनात आलं, की ज्या पुस्तकाला कोणी हात लावत नाही, ते यादीत कशाला घेतील? म्हणून मी ते माझ्या कार्डावर नेलं. चार दिवसांनी परत केलं आणि नवऱ्याला पाठवलं. तो म्हणाला, "तू काय निवडणूक लढवतेयस का?" पण गेला. मग शेजारीण, तिची सून, माझे दीर, जाऊबाई, माझ्या ऑफिसातल्या दोघी. प्रत्येकाला बजावलं, की मुलीला कळता कामा नये.

जाऊबाईंनी पुस्तक परत दिलं ते मला ऐकवूनच. "मी झोप यावी म्हणून वाचते, तुला माहीत आहे. तुझ्या लेकीने दोन पानांत काम केलं."

"वहिनी, अहो, निदान एक गोष्ट तरी वाचायचीत."

"तू शिक्का मारून आणायला सांगितलंस. वाचायला कधी सांगितलंस?"

खरं होतं. आठ जण झाले. नववी मीच, पुन्हा एकदा. नऊ शिक्के बघून मला इतकं बरं वाटलं, की एरवी दमून एकेक मोजत चढते त्या घराच्या पायऱ्या त्या दिवशी मी न मोजता चढले.

यादी आली त्या सोमवारी मुलगी माझ्या आधी जाऊन आली. मी दार उघडलं तर ती हसत होती. इतक्या महिन्यांनी. यादी माझ्या हातात दिली. मी वरपासून खालपर्यंत वाचली, कागद उलटून वाचला. तिचं पुस्तक नव्हतं.

"नाहीये गं," ती म्हणाली. "पण ऐक ना. मी मास्तरांना विचारलं, माझं का नाही? तर म्हणाले, जे आपल्या पायांनी चाललंय त्याला मी कशाला ढकलू? यादी ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्यासाठी असते. तुझं पुस्तक दोन महिन्यांत नऊ जणांनी नेलं. नऊ, आई! आणि मला त्यातलं कोणीच माहीत नाही!"

तिने ताट वाढून घेतलं. दोनदा भात घेतला. मी समोर बसून बघत राहिले.

दुपारी मी वाचनालयात गेले. मास्तर शिक्क्याच्या चकत्या फिरवून तारीख लावत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कार्डं कोणाकोणाची होती, ते एकेक करून. त्यांनी मधे अडवलं नाही. पुस्तक कपाटातून काढलं, चिठ्ठी बघितली, मग पट्टी बघितली. ती पहिल्या पानात होती.

"दर वेळी पहिल्याच पानात परत यायची," ते म्हणाले. "मला वाटलं, पुरं वाचून पुढच्यासाठी पुन्हा जागेवर ठेवतायत. म्हटलं, या पुस्तकाचे वाचक शहाणे दिसतात."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. "तुम्ही वाचलंत का हो?"

त्यांनी खण उघडला आणि यादीचा कच्चा कागद काढला. दुसऱ्या क्रमांकावर मुलीचं पुस्तक होतं. त्याखाली तीन ओळी लिहून वर आडवी रेघ मारलेली. मी वाचल्या. "गोष्टी साध्या वाटतील. तिसरी वाचून झाली की पुस्तक मिटा, घरातल्यांकडे बघा. मग पुढे जा." माझ्या मुलीच्या पुस्तकावर बाहेरच्या माणसाने लिहिलेलं हे पहिलं. तेही खोडलेलं. माझ्यामुळे.

"पुन्हा घाला ना हो यादीत. आज तर निघालीय. हाताने लिहून द्या खाली, हवं तर मी लिहिते."

"बाई, सकाळपासून सव्वाशे कागद गेले. लोक पुस्तकं घेऊन गेले. एका कार्डावर दोन. निम्मं शहर रात्रीच्या गाड्यांनी बाहेर पडेल. महिनाभर इथे मी आणि हा पंखा."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी ते नवं नसेल." मग म्हणाले, "मला एक कळत नाही. मला येऊन नुसतं सांगितलं असतं, मास्तर, एवढं वाचून बघा, तर काय बिघडलं असतं?"

"मुलीचं पुस्तक स्वतः कसं पुढे करणार? बरं दिसतं का ते?"

"आणि हे?"

मी म्हटलं, निदान या ओळी तिला दाखवा. ते म्हणाले, "दाखवेन. पण ती विचारेल, खोडल्या का? मग? सकाळी मी तिला नऊ वाचक सांगितले. बाई, मी बावीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढून खाल्लं. आज माझ्या तोंडून एवढी मोठी चूक गेली आणि ती मला दुरुस्त करता येत नाही." एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

आणि मग त्यांनी उरलेलं सांगितलं. सकाळी मुलीने त्यांच्याकडे एक गोष्ट मागितली होती. ते नऊ वाचक एकदा भेटतील का? फक्त अर्धा तास. नावं सांगू नका, फक्त निरोप द्या. आणि मास्तर हो म्हणाले होते. रविवार, संध्याकाळी पाच.

"मी पाठवते लोकांना," माझ्या तोंडून निघून गेलं.

"पुन्हा?" मास्तर म्हणाले.

ते म्हणाले, की मी दाराबाहेर पाटी लावेन, लेखिका येणार आहे म्हणून. जो येईल तो येईल. आणि तिने सरळ विचारलं, तर मी खोटं सांगणार नाही. त्याआधी तुम्ही सांगा.

त्याला चार दिवस झाले. रोज मी ठरवते. सकाळी ठरवते तर ती फोनवर मैत्रिणीला सांगत असते, "नऊ म्हणजे खूप असतात अगं, त्यांनी ते शोधून नेलंय." संध्याकाळी ठरवते तर ती टेबलाशी लिहीत असते, नवं काहीतरी, पान झाकून. पलंगाखालचा एक खोका तिने ओढून बाहेर काढलाय. नऊ प्रती वेगळ्या केल्यात, भेट द्यायला. प्रत्येकीवर काय लिहायचं, ते तिला सुचत नाहीये, कारण नाव माहीत नाही. मला विचारत होती, नुसतं "वाचकास" बरं दिसेल का?

मी म्हटलं, दिसेल.

नवरा म्हणतो, सांगून टाक. जाऊबाईंचा फोन आला होता. "घाबरतेस कशाला? आम्ही सगळे येतो. एकेक गोष्ट वाटून घेऊ, पाठ करून येऊ." त्या मनापासून म्हणत होत्या, हेच वाईट. ते सातही जण तिच्या ओळखीचे, शेजारचे, घरचे, माझ्या ऑफिसातले. दारात पाय ठेवला की तिला कळेल.

पाटी लागली आहे. मी आज खालून बघून आले. घड्याळवाल्याला विचारलं, वर कोणी जातं का? तो म्हणाला, "सुट्टीत कोण येतंय?"

परवा रविवार. मगाशी मुलगी माझ्या खोलीत डोकावली. म्हणाली, "आई, राग मानू नकोस हं, पण तू नको येऊस परवा. तू समोर असलीस तर ते लोक मोकळेपणाने बोलणार नाहीत."

मी मान हलवली.